बाईंचा तिसरा हात

उपासाच्या पंधरवड्यात नुहादने डझनभर अंडी विकत घेतली, ही बातमी कफ्र सिंदियान गावात दुपारच्या जेवणाआधीच घरोघर पोहोचली होती. ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून देवमातेच्या सणापर्यंत गावात कुणी मांस खात नाही, चीज खात नाही, अंड्याला हात लावत नाही. निदान खिडकी उघडी ठेवून तरी लावत नाही. आणि ही बाई भर सकाळी दुकानातून निघाली ती अंड्यांचा ट्रे छातीशी धरून, चर्चच्या दारावरून, सगळ्यांना 'शुभ सकाळ' म्हणत घरी गेली.

भट्टीवाली बर्बारा तिच्या मागोमाग येऊन थडकली. हातात गरम रोटीची चवड, म्हणजे यायला निमित्त झालं.

"काय गं, उपास आहे ना तुझा?"

"आहे. अंडी माझ्यासाठी नाहीत, बाईंसाठी आहेत."

"बाई ऑम्लेट खायला लागल्या वाटतं."

"बाई नुसता बलक घेतात."

"आणि पांढरं?"

"मांजराला."

"मांजराला उपास नाही? पलीकडच्या पंथाचं, मारोनी दिसतंय मेलं," बर्बारा म्हणाली आणि आमंत्रणाची वाट न पाहता आत जाऊन बसली.

बाई म्हणजे देवमाता. नुहाद गेली एकतीस वर्षं तिच्या तसबिरी रंगवत होती आणि एवढ्या सहवासानंतर तिने देवमातेशी बाईंच्या पलीकडे औपचारिकपणा ठेवला नव्हता. रंगाची भुकटी अंड्याच्या बलकात खलायची, थेंबभर व्हिनेगर घालायचं आणि लाकडी फळीवर थरावर थर चढवत जायचं, हे तिला वरच्या मठातल्या एका म्हाताऱ्या जोगिणीने शिकवलं होतं. त्या जोगिणीने तीन नियम घालून दिले होते. आपल्या मनाचं काही काढायचं नाही. काम करताना गावाच्या चुगल्या करायच्या नाहीत. आणि तसबिरीवर स्वतःचं नाव लिहायचं नाही; फारच वाटलं तर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अमकीच्या हातून' एवढंच. नुहादने दुसरा नियम पहिल्याच आठवड्यात मोडला होता. तिसरा मात्र इतका पाळला की तिने कोपऱ्यातसुद्धा कधी काही लिहिलं नाही. चर्चमधल्या प्रत्येक तसबिरीखाली देणगी देणाऱ्याची पितळी पाटी होती. रंगवणारीचं नाव कुठेच नव्हतं, आणि नुहादला त्याचा एक प्रकारचा ताठा होता.

बर्बाराने चष्मा चढवून फळीकडे पाहिलं. देवमाता जवळजवळ पुरी झाली होती. किरमिजी वस्त्र डोक्यावरून खांद्यावर, कपाळावर एक तारा आणि दोन्ही खांद्यांवर एकेक, डाव्या हातावर मूल, उजवा हात त्या मुलाकडे दाखवणारा.

"नाक लांब झालंय," बर्बारा म्हणाली.

"लांबच असतं. आणि तोंड लहान असतं, कारण त्या कमी बोलतात."

"मग आपल्या गावच्या नाहीत. आणि हा हात सारखा पोराकडे काय दाखवतात?"

"म्हणजे माझ्याकडे बघू नका, याच्याकडे बघा."

"बाकीच्या आया वेगळं काय करतात? तेलघाण्यावाल्या अबू हबीबची आई तर मरेपर्यंत हेच करत होती." मग तिचं बोट खाली, वस्त्राच्या काठाजवळ गेलं. तिथे नुसत्या रेघांनी एक आकृती काढलेली होती. "आणि हे काय? हा कुणाचा हात?"

"तो तिसरा हात."

"कुणाचा तिसरा?"

मग नुहादने गोष्ट सांगितली. दमास्कसचा योहान, मोठा लिहिणारा. त्याच्यावर खोट्या पत्राचा आळ आला आणि राजाने त्याचा उजवा हात तोडला. तो हात घेऊन योहान देवमातेच्या तसबिरीपुढे पडून राहिला, आणि उठला तेव्हा हात जागेवर. मग त्याने चांदीचा एक हात घडवून त्या तसबिरीवर लावला. तेव्हापासून अशी तीन हातांची देवमाता रंगवतात.

"म्हणजे नवस फेडला त्याने," बर्बारा म्हणाली. "बरं केलं. आणि तीन हात पाहिजेतच गं. एकात पोर, एक दाखवायला, आणि चुलीवरचं उतू चाललेलं कुणी उतरवायचं? इतकी वर्षं पुरुषांनी दोनच काढले, कारण त्यांना वाटतं भांडं आपोआप उतरतं."

ती हसत गेली. नुहादने तिला दारापर्यंत पोहोचवलं, परत आली, आणि मगच उजवा हात एप्रनच्या खिशातून बाहेर काढला. तो थरथरत होता.

थरथर गेल्या हिवाळ्यात सुरू झाली होती. आधी कॉफी सांडायला लागली, म्हणून तिने कप अर्धाच भरायला सुरुवात केली. मग सोन्याचा वर्ख दुमडायला लागला. शेवटी ती एकटीच तराबलुस शहरात जाऊन डॉक्टरला भेटून आली. डॉक्टरने गोळ्या दिल्या, आजाराचं नाव सांगितलं आणि काम काय करता म्हणून विचारलं. तिने सांगितल्यावर त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "हे वर्ष पुरेल." नुहादने हे कुणालाच सांगितलं नाही. बर्बाराला सांगणं म्हणजे भट्टीवर फलक लावण्यासारखं होतं, आणि गावाने कणव केली असती तर तिला ती सहन झाली नसती. ही तसबीर शेवटची, हे फक्त तिला आणि बाईंना ठाऊक होतं.

म्हणूनच तिने तिसरा हात निवडला होता. योहानने परत मिळालेल्या हाताचे आभार मानले. तिला जाणाऱ्या हाताचे मानायचे होते. जोगिणीचा पहिला नियम मोडून तिने ठरवलं की हा हात चांदीचा नाही, कातडीचा काढायचा, आणि आपलाच काढायचा.

आता जो हात काढतोय त्याचंच चित्र काढायचं म्हणजे मोठी पंचाईत. ब्रश खाली ठेवायचा, हात टेबलावर पसरायचा, डोळे भरून पाहायचा, मग तोच हात उचलून जे पाहिलं ते आठवत काढायचं. त्यातून रोज उठल्यावर जेमतेम अर्धा तास थरथर झोपलेली असायची. तेवढ्यात होईल तेवढं. पाच दिवसांत पाच बोटं झाली. करंगळी जरा वाकडी होती, तशीच काढली. सहाव्या दिवशी अंगठ्याच्या खालचा भाजल्याचा डाग काढला, कोयरीसारखा. नऊ वर्षांची असताना एका अंजिरावरून भांडण झालं आणि अकरा वर्षांच्या बर्बाराने तिला भट्टीवर ढकललं, त्याचा हा डाग होता. मग तिने सगळ्या तसबिरीवर जवसाचं तेल फिरवलं आणि खुर्चीत बसून राहिली. हात सुंदर झाला होता. आपल्याला स्वतःचं काम एवढं आवडतंय याची तिला लाज वाटली, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी अबू हबीब आला. अबू हबीब म्हणजे चर्च समितीचा प्रमुख, तेलघाण्याचा मालक, आणि गावात जे काही होतं ते आपल्या परवानगीने होतं असं मानणारा माणूस. ही तसबीर त्याने आपल्या आईच्या स्मरणार्थ दिली होती. पाटीही तयार होती. आईचं नाव लहान आणि त्याचं मोठं. बरोबर चर्चचे पाद्री, अबूना स्पीरो होते. अबूना भला माणूस, पाच मुलांचा बाप; भांडणाची चाहूल लागली की ते दाढी कुरवाळायला लागत. उंबऱ्यातच त्यांचा हात दाढीकडे गेला.

अबू हबीबने तसबिरीपुढे उभं राहून बोटाने मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"एक, दोन, तीन. नुहाद, म्हातारा मी झालोय की तू?"

"तीनच आहेत. मोजणी बरोबर आहे तुमची."

"माझ्या आईला दोनच हात होते!"

"हो, आणि त्या दोन्हींनी तुम्हाला पुरेसं बडवलं नाही."

अबूनांनी खोकून मध्ये पडायचा प्रयत्न केला. ही जुनी परंपरा आहे, म्हणाले. आणि असंही सांगतात की एका मठात चित्रकाराने हा तिसरा हात चूक समजून पुसला, तर तो परत उमटला. पुन्हा पुसला, पुन्हा उमटला. तिसऱ्या वेळी स्वतः देवमातेने त्याला सांगितलं की बाबा रे, राहू दे.

"त्याचा रंग कच्चा असेल," अबू हबीब म्हणाला. "अबूना, सणाला पलीकडच्या ऐन तूत गावचे मारोनी येतात कॉफीला. त्यांच्याकडे इटलीची मूर्ती आहे, डोक्याभोवती निळे दिवे लागतात. त्यांनी ही पाहिली तर काय म्हणतील? आपल्या रूम पंथाच्या लोकांना मोजता येत नाही म्हणतील! वर्षभर माझ्या तेलाच्या डब्यांवरून विनोद करतील."

"मी हात पुसणार नाही," नुहाद म्हणाली.

"नको पुसू. मग मी तराबलुसहून छापील आणतो, काचेत घालून. तिला दोन हात आहेत आणि ती गोरीपण आहे. तुझी ही ठेव घरात, मांजराला दाखव. हात गेला तर तसबीर भिंतीवर, हात राहिला तर नाही. सणाला तीन दिवस आहेत."

नुहादने अबूनांकडे पाहिलं. अबूनांनी दाढीकडे पाहिलं.

ते गेल्यावर तिने खरवडायची सुरी घेतली, तसबिरीशी बसली आणि सुरीचं टोक करंगळीवर ठेवलं. पुढे काही जाईना. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. एकतीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं. नाव नाही, पाटी नाही, सणाला पुढच्या रांगेत खुर्ची नाही. हा एक हात त्या भिंतीवर राहावा, एवढीच तिची इच्छा होती, आणि तो पुसायचा तर तिनेच पुसायचा! शिवाय सुरी धरलेला हात असा थरथरत होता की करंगळीबरोबर बाईंचं अर्धं वस्त्र निघालं असतं.

तिने सुरी ठेवली आणि स्वयंपाकघरातून लसूण आणला.

तेल दिलेल्या तसबिरीवर बलकाचा रंग बसत नाही, ओघळून जातो. अशा वेळी लसणाची पाकळी कापून ती जागा चोळायची, मग रंग धरतो, ही जोगिणीचीच युक्ती. पण तो नुसता वर चिकटून राहतो, आत मुरत नाही. ओल लागली की हळूहळू सुटतो. नुहादने भरपूर लसूण चोळला, भुकटीत बलक नावापुरता घातला आणि तिसऱ्या हातावर किरमिजी वस्त्राची एक सुरेख घडी काढून टाकली. वरून तेल दिलं नाही.

तिचा हिशेब साधा होता. तसबिरीचं चुंबन घेताना तोंडाला ओठ लावत नाहीत, ते असभ्य. हाताला नाहीतर वस्त्राला लावतात. बाईंचे दोन हात वर आहेत, लोक त्यांचंच चुंबन घेतील. खालच्या काठापर्यंत फक्त कुबड्या म्हाताऱ्या आणि पोरंच पोहोचणार. त्यांच्या ओठांनी ती घडी झिजत झिजत नाताळापर्यंत जाईल. तोवर अबू हबीब ऑलिव्हच्या घाण्यात बुडालेला असेल, आणि हात दिसला तरी आपणच सांगितला होता असं त्याला वाटू लागेल. ही फसवणूक होती का? होती.

"बाई, पटत नसेल तर आत्ताच सांगा," ती तसबिरीला म्हणाली.

बाई काही बोलल्या नाहीत. तोंड मुळातच लहान.

सणाच्या दिवशी नुहाद चर्चमध्ये शिरली आणि जागच्या जागी थांबली. अबू हबीबने आपल्या आईच्या नावची तसबीर ऐन तूतच्या दिव्यांपुढे कमी पडू नये म्हणून खास कोरीव चौरंग करून घेतला होता, खांद्याएवढा उंच, सगळीकडून तुळस आणि मोगरा. त्यावर तसबीर उभी. एवढी उंच की गावातल्या धडधाकट माणसाचेसुद्धा ओठ पोहोचत होते ते फक्त खालच्या काठापर्यंत. बरोबर त्या घडीपर्यंत.

वर पंधरा ऑगस्ट. जनरेटर बंद, पंखे बंद, चर्चमध्ये दोनशे माणसं, आणि सगळ्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब. रांग दारापासून अंगणापर्यंत गेली होती. पहिलं चुंबन अर्थात अबू हबीबने घेतलं होतं, दणदणीत, आवाज होईल असं. तो मागे वळला तेव्हा त्याचे ओठ किरमिजी झाले होते आणि त्याला पत्ता नव्हता.

नुहाद बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभी राहिली. उजवा हात खिशात. शाळेच्या बाई आल्या, गेल्या, किरमिजी. पोस्टमन आला, मिशीचं टोक किरमिजी. एकमेकांकडे पाहून सगळ्यांना वाटत होतं की समोरच्याने डाळिंबाचा रस पिऊन प्रसादाआधीचा उपास मोडला, आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये कसं बोलायचं म्हणून सगळे गप्प होते. तीसेक माणसांनंतर करंगळी बाहेर आली. मग बाकीची बोटं भराभर निघाली. नाताळ कुठला, सकाळची उपासना संपेपर्यंतसुद्धा ती घडी टिकत नव्हती.

"हात!" कुणीतरी किंचाळलं. "अगं बाई, हात आला!"

एकदम गर्दी उसळली. अबू हबीब लोकांना कोपरांनी बाजूला करत आला, पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. किरमिजी ओठांमुळे तो जास्तच पांढरा दिसत होता. तो धाडकन गुडघ्यांवर बसला.

"पुसलेला हात परत आला! अबूनांनी सांगितलं होतं! मी... मीच पापी, मीच पुसायला लावला!" तो छाती बडवायला लागला. "आई गं, माफ कर!" ही हाक देवमातेला होती की त्याच्या स्वतःच्या आईला, हे कळायला मार्ग नव्हता.

घंटा वाजायला लागल्या. बायका रडत होत्या. एकीने तर आपल्या आजारी पोराला उचलून थेट तसबिरीला टेकवलं. अबू हबीब सावरला, उभा राहिला, आणि उभा राहताच पुन्हा समितीचा प्रमुख झाला.

"ऐका! हे माणसाचं काम नाही! पाटी बदलायची. 'मानवी हाताने न घडलेली,' असं लिहायचं, मोठ्या अक्षरांत. खाली आमच्या घराण्याचं नाव. बघू आता ऐन तूतवाले दिवे कुठे लावतात ते!"

नुहादला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हात भिंतीवर राहणार होता, तिला हवा होता तसा, सगळ्यांसमोर. फक्त तो तिचा नव्हता. कुणाचाच नव्हता.

अबूना स्पीरो हळूच तिच्याजवळ सरकले. त्यांच्या पांढऱ्या दाढीचा मधला भाग किरमिजी झाला होता.

"नुहाद, माझ्या दाढीला लसणाचा वास का येतोय?"

तिने सगळं सांगितलं, कुजबुजत, तीन वाक्यांत. अबूनांनी डोळे मिटले.

"बलकसुद्धा होता?"

"अगदी थोडा."

"अजून प्रसादाची भाकर आणि द्राक्षरस द्यायचाय मला. मध्यरात्रीपासून पाणी न प्यालेल्या दोनशे माणसांनी अंडं चाटलंय."

"चाटलं नाही, अबूना. चुंबन घेतलं."

"हा फरक बिशपसाहेबांना तू समजावशील?"

"तुम्ही समजवा ना."

"मला पाच मुलं आहेत," अबूना म्हणाले. मग, तिच्याकडे न पाहता, "खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी थांबवणार नाही. ढकलणारही नाही."

नुहाद उभी राहिली. बोललं तर अबू हबीब चिडून तसबीर उतरवणार आणि ती गोरी छापील बाई काचेतून हसणार. नाही बोललं तर पितळेवर कायमचं लिहिलं जाणार की हे कुणाच्याही हातून झालेलं नाही. आणि समोर ती आजारी पोराची आई डोळे पुसत हसत होती. तिच्यापुढे उभं राहून लसूण म्हणायला नुहादची जीभ उचलेना. तिने ठरवलं, नाही बोलायचं. एकतीस वर्षं नाव नव्हतं, आणखी नसेल. हे ठरवलं आणि तिने उजवा हात खिशात आणखी खोल सारला.

बर्बारा त्याच वेळी आली. सणाच्या प्रसादाच्या भाकरी तिच्याच भट्टीतून येत, म्हणून ती नेहमी सगळ्यांत शेवटी यायची, पीठ माखलेली आणि घाईत. चमत्कार झालाय हे तिला दारातच चारजणींनी सांगितलं होतं. तिने छातीवर क्रुसाची खूण केली, टाचा उंचावल्या, तसबिरीच्या काठाला ओठ टेकले आणि तशीच राहिली. जरा जास्तच वेळ. मग मागे झाली, ओठांवरून जीभ फिरवली.

"लसूण," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तिने चष्मा चढवला आणि पुन्हा टाचा उंचावून, नाक तसबिरीला टेकेपर्यंत पुढे होऊन पाहिलं. वाकडी करंगळी पाहिली. अंगठ्याखालचा डाग पाहिला. रांग चुळबुळायला लागली. बर्बारा वळली, गर्दीवरून नजर फिरवली आणि खांबापाशी थांबवली.

"नुहाद, इकडे ये."

"नको."

"ये म्हणते ना!"

ती स्वतःच आली. नुहादचं मनगट धरून तिने तिचा हात खिशातून ओढून काढला, तिला चौरंगापर्यंत नेलं आणि तो हात रंगवलेल्या हाताशेजारी धरला. दोन करंगळ्या, दोन डाग. एक हात शांत होता, दुसरा थरथरत होता. चर्चमध्ये धूपदाणीची साखळी तेवढी वाजत होती.

"हा डाग मी दिलाय," बर्बारा म्हणाली. "अंजीर माझं होतं, अजूनही म्हणते. हा हात मी कुठेही ओळखीन."

"बर्बारा, काय चालवलंयस हे?" अबू हबीब ओरडला. तो तिचा चुलतभाऊ, म्हणून ओरडायचा त्याला हक्क होता. "चमत्कार झालाय इथे!"

"झालाच आहे. एकतीस वर्षं ही बाई या भिंतीसाठी खपते आणि तुम्हाला तिचा हात आज दिसला. तोसुद्धा बाईंनी अंगाला लावून दाखवला तेव्हा! याहून मोठा चमत्कार कुठला पाहिजे तुला? आणि ओठ पूस जरा, नवरीसारखा दिसतोयस."

अबू हबीबने ओठ पुसले, हाताकडे पाहिलं, मग पोस्टमनच्या मिशीकडे, मग अबूनांच्या दाढीकडे. हळूहळू सगळा प्रकार त्याच्या डोक्यात शिरत गेला, आणि शिरताना दिसत होता. चमत्कार नाही म्हणावं, तर आपण दोनशे माणसांसमोर लसणापुढे गुडघे टेकले असं होतं. चमत्कार आहे म्हणावं, तर हात नुहादचा.

"मग पाटीचं काय करायचं?" शेवटी तो म्हणाला, पडेल आवाजात.

"'नुहादच्या हातून' लिही," बर्बारा म्हणाली. "तुझ्या आईचं नाव खाली. तुझं कुठे मावतंय का बघ."

मग तिने नुहादचा हात उचलून त्याचं चुंबन घेतलं, डागावरच. किरमिजी ठसा उमटला. हात तिच्या पंजात फडफडत होता.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"वाटलंच मला. अर्धा कप कॉफी पिणारी बाई तू नव्हेस."

"तुला माहीत होतं? आणि तू गप्प राहिलीस?"

"मला गप्प राहता येतं," बर्बारा दुखावल्या स्वरात म्हणाली. "तुम्ही कुणी कधी संधी देत नाही."

मागच्यांना यातलं निम्मं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की बर्बाराने आधी तसबिरीचं आणि मग नुहादच्या हाताचं चुंबन घेतलं. या वर्षी अशीच पद्धत असेल असं समजून पुढची बाईही तेच करून गेली, मग तिच्यामागची. नुहादने हात मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण बर्बाराने मनगट सोडलं नाही. आजारी पोराची आई पुन्हा रांगेत आली होती. तिने पोराचं कपाळ त्या थरथरत्या हाताला टेकवलं आणि पोर गुदगुल्या झाल्यासारखं हसलं. नुहादला हुंदका आला. तिने तो लपवला नाही, लपवायचा तर नेहमीचा हातच मोकळा नव्हता.

सगळ्यांत शेवटी अबू हबीब आला. तिच्या हातावर वाकला, थबकला, वास घेतला.

"एवढा लसूण?"

"तेल चढलं होतं ना," नुहाद डोळे पुसत म्हणाली.

"हं," तो म्हणाला, आणि त्याने चुंबन घेतलं. आवाज न करता.

अबूनांनी त्या दिवशी सगळ्यांना भाकर आणि द्राक्षरस दिला. बिशपसाहेबांना अजून कुणी काही कळवलेलं नाही.

दुपारी नुहाद भट्टीवर बसली होती. हाताच्या पाठीवर ओठांचे ठसे एकावर एक चढले होते आणि तिने ते धुतले नव्हते. बर्बाराने कॉफी उकळून आणली आणि कपात ओतायला लागली. सवयीने नुहाद म्हणाली, "बस, अर्धाच."

बर्बाराने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने कप काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे सरकवला.

"सांडेल," नुहाद म्हणाली.

"सांडू दे. फरशी माझी आहे."

नुहादने कप उजव्या हाताने उचलला. निम्मी कॉफी बशीत, थोडी फरशीवर आणि थोडी तिच्या सणाच्या कपड्यांवर सांडली. उरलेली तिने प्यायली.